तेच शब्द, तिसऱ्यांदा

क्रॉसमॅचचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा वहिनी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच रडायला लागली. या रिपोर्टात निगेटिव्ह म्हणजे चांगलं. माझ्या रक्तातल्या पेशी आणि दादाच्या रक्तातला द्रव एकत्र करून बघतात. त्याच्या रक्ताने माझ्या पेशींवर हल्ला केला नाही, तर माझी किडनी त्याला चालण्याची आशा. आईला फोन लावला तर ती "प्रभूची स्तुती असो, प्रभूची स्तुती असो" एवढंच म्हणत राहिली. मी वहिनीला जवळ घेतलं, तिचे डोळे माझ्या ओढणीने पुसले. आणि आत काय चाललं होतं ते पुढे कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह यावा म्हणून मी आदल्या रात्री प्रार्थना केली होती.

झोपलेल्या लेकीच्या अंथरुणाशेजारी गुडघे टेकले होते आणि अगदी स्पष्ट शब्दांत मागितलं होतं, "प्रभू, जुळू देऊ नकोस." सख्ख्या भावासाठी बहिणीने केलेली ही प्रार्थना.

दादाचं बीपी किती वर्षं वाढलेलं होतं कोणास ठाऊक. तो एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि शिफ्टला जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. २०२१ च्या सुरुवातीला पाय सुजले, जेवण नकोसं झालं, तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करत नसेल तर रक्तात साचणारा घटक, अकरा. ते साधारण एकच्या आसपास असावं लागतं. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास डायलिसिस. हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं की खाली घरघर जाणवायची. माझ्या लेकीला तो सांगायचा, आत मधमाशी आहे. ती कान लावून ऐकायची.

सगळ्यांत वाईट होतं ते पाणी. चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं मिळून दिवसाला एक लिटर. नगरच्या मे महिन्यात एक लिटर म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. वहिनी बर्फाचे लहान तुकडे करून वाटीत द्यायची आणि तो एकेक तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचा. आम्ही त्याच्यासमोर पाणी प्यायचं सोडून दिलं होतं.

त्याचा रक्तगट ओ, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने ओ गटाच्याच माणसाची किडनी चालणार. वहिनी बी पॉझिटिव्ह. आईचा गट जुळत होता, पण ती एकाहत्तर वर्षांची आणि साखर असलेली. पुण्याच्या विभागीय केंद्रात मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवलेलं होतं, पण त्या यादीत वाट बघण्याला अंत दिसत नव्हता. उरले मी. दिवाळीनंतर एका संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता मी म्हटलं, "मी देते." कोणी मला विचारलं नव्हतं. म्हणताना भीतीही वाटली नाही. ती नंतर आली, आणि प्रत्येक तपासणीबरोबर थोडी थोडी वाढत गेली.

तपासण्या म्हणजे पहाटेची एसटी धरून पुण्याला जायचं आणि रात्री परत यायचं. सुपा, शिरूर, शिक्रापूर मागे पडायचं आणि वाघोलीत गाडी अडकली की तासभर तिथेच. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, हृदयाची टूडी एको, स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी, सोनोग्राफी. डीटीपीए स्कॅनमध्ये डावी आणि उजवी किडनी वेगवेगळी किती काम करते ते मोजतात. सीटी अँजिओत किडनीला किती रक्तवाहिन्या आहेत ते दिसतं. दोन्ही सारख्या असतील तर बहुधा डावी काढतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. दोघींत फरक असेल तर चांगली किडनी दात्याकडेच ठेवायची असा नियम आहे. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माझाही विचार कोणीतरी करत होतं.

आणि तो चोवीस तासांच्या लघवीचा कॅन. पाच लिटरचा, पांढरा, झाकणाचा. सकाळी पहिली लघवी सोडून द्यायची आणि तिथून पुढे दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतचा थेंबन् थेंब त्यात. रात्री अडीचला उठून मी बाथरूमच्या थंडगार फरशीवर उभी राहायचे आणि वाटायचं, हे शरीर आता माझं एकटीचं राहिलं नाही.

डॉक्टरांनी धोका लपवला नाही. किडनी देताना दात्याचा मृत्यू होण्याचं प्रमाण दहा हजारांत साधारण तीन. मी शाळेत गणित शिकवते, हा आकडा किती लहान आहे ते मला समजतं. नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव माणसं घरी परत येतात. पण रात्री दोन वाजता डोळ्यांसमोर यायची ती उरलेली तिघंच. त्यांतल्या एकीला नऊ वर्षांची मुलगी असायची.

याच दिवसांत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मला साक्ष द्यायला, देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं. दादाच्या आजाराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, दर बुधवारच्या घरप्रार्थनेत त्याचं नाव घेतलं जायचं. मी उभी राहिले आणि लोकांना ऐकायचं होतं तेच बोलले. प्रभूने बळ दिलं, मार्ग मोकळा केला. लोक "आमेन" म्हणाले. उपासना संपल्यावर महिला मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. माझ्या लहानपणापासून त्यांनी मला पाहिलंय, त्यांचा हेतू शुद्धच होता. त्या म्हणाल्या, "बाई, शास्त्र खरंच सांगतं, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. तुझ्या तोंडावर भीतीचा लवलेश नाही बघ."

घरी येऊन मी भांडी घासत होते आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. पूर्ण प्रीती भीती घालवून देत असेल आणि मला तर भीती वाटते, तर मग माझी प्रीती अपुरी. विश्वासही अपुरा. आता भीतीवर आणखी एक ओझं आलं, भीती वाटते याची लाज. मी जास्त हसायला लागले. कोणी विचारलं की "प्रभू आहे ना" म्हणायचे आणि विषय बदलायचे. आमच्या ह्यांच्याशीही तेच. क्रॉसमॅचच्या आदल्या रात्रीची ती प्रार्थना याच काळातली.

मग मानसोपचारतज्ज्ञांकडची तारीख आली. जिवंत दात्याला ती भेट चुकत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली जे नियम आहेत त्यांत दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्यावी, असं स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. हॉस्पिटलच्या रोपण कोऑर्डिनेटर मॅडमनी मला ते समजावलं होतं. असं का लिहावं लागलं ते कोणत्याही डायलिसिस वॉर्डाबाहेर बसलं की कळतं. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आया, बायको, बहिणी. मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. प्रत्येकीने मनापासून दिली असेलही. पण तिला नाही म्हणायची जागा होती का, हे कोणीतरी विचारायलाच हवं.

डॉक्टरबाईंनी ह्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं. घरची चौकशी झाली, शाळेची झाली. मग त्यांनी विचारलं, "ऑपरेशन नको, असं कधी वाटलं?"

"नाही."

"भीती?"

"अजिबात नाही. माझा देवावर विश्वास आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "विश्वास असू दे, चांगलंच आहे. पण अजिबात भीती नाही म्हणणाऱ्या माणसाला मी परत एकदा बोलावते. एक तर त्याला ऑपरेशन म्हणजे काय ते समजलेलं नसतं, नाही तर तो मला सांगत नसतो." जरा थांबून त्यांनी शांतपणे सांगितलं की ऑपरेशनच्या टेबलावर भूल देईपर्यंत कधीही नाही म्हणता येतं. कारण विचारणार नाही. घरच्यांना फक्त एवढंच कळेल की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. "तुमचं खरं कारण या खोलीतून बाहेर जात नाही. एक आठवडा घ्या."

एवढा वेळ मी हसत बसले होते, ते हसू गळून पडलं. मी रडले, बराच वेळ. आणि क्रॉसमॅचच्या आदल्या रात्री काय मागितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले, एका अनोळखी बाईसमोर. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. कसला धक्का बसल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

परतीच्या गाडीत मी ह्यांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. रांजणगाव गेल्यावर म्हणाले, "तू देऊ नयेस असं मलाही रोज वाटतं. पण ते मी तुला म्हणणार नव्हतो. तुझा भाऊ आहे." सोळा वर्षांच्या संसारात आम्ही इतकं खरं क्वचितच बोललो असू.

तो आठवडा मला कायमचा लक्षात राहील. दार उघडं होतं. कोणाला काही कळणार नव्हतं. दादा म्हणाला असता, जाऊ दे बेबी, देवाची मर्जी, आणि माझ्यावर तितकंच प्रेम करत राहिला असता. लेंतचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे, दिवस लागले होते, त्यामुळे रोज थोडं थोडं दुःखसहनाचं वाचन चाललं होतं. त्यात मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय आला. गेथशेमाने, पकडला जाण्याआधी प्रभूने जिथे प्रार्थना केली ती बाग. रविवारच्या शाळेपासून ऐकत आलेय, चित्रात एका खडकावर हात जोडून बसलेला प्रभू आणि वरून पडलेला उजेड. त्या चित्रामुळे मी तो मजकूर कधी नीट वाचलाच नव्हता.

तिथे लिहिलंय, "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे." हे तो आपल्या तीन मित्रांना सांगतो. लपवत नाही, तोंड हसरं ठेवत नाही. तुम्ही इथे थांबा, जागे राहा, असं विनवतो. मग पुढे जाऊन जमिनीवर पडतो आणि म्हणतो, "हा प्याला माझ्यापासून दूर कर."

मी बोट त्या ओळीवर ठेवून बसून राहिले. माझीच प्रार्थना होती ती. जुळू देऊ नकोस, प्याला दूर कर. देवाच्या पुत्राने ती आधी केली होती, आणि त्याला कोणी अविश्वासू म्हटलेलं नाही. फरक पुढच्या अर्ध्या ओळीत होता, "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे कर." त्या अर्ध्या ओळीपर्यंत मी पोचले नव्हते. पण पहिली अर्धी म्हणायची परवानगी आहे हे मला तेव्हा कळलं, आणि छातीवरचा दगड हलल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आमचे निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी आले. त्यांनी उपदेश केला नाही. मी सगळं सांगितलं तर म्हणाले, लूकमध्ये तोच प्रसंग वाच, आणि क्रम बघ. लूकमध्ये स्वर्गातून एक देवदूत येऊन प्रभूला शक्ती देतो. मी समजत होते की देवदूत आला, भीती गेली. क्रम उलटा आहे. देवदूत आधी येतो, आणि त्याच्यानंतर प्रभू अधिकच व्याकूळ होऊन प्रार्थना करतो, रक्ताच्या थेंबांसारखा घाम त्यानंतर गळतो. शक्ती मिळाल्यावरही भीती तिथेच होती. पाळकसाहेब चहा घेता घेता म्हणाले, "शक्ती भीती काढायला आली नव्हती. तिथून न पळायला आली होती."

आणि पळता आलं असतं. हे मला त्यांनीच दाखवलं. ती बाग जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी, किद्रोन ओहोळाच्या पलीकडे. रात्रीची वेळ. डोंगर चढून पलीकडे उतरलं की बेथानी, मार्था, मरिया आणि लाजर यांचं गाव. त्याच्यापुढे यहूदीयाचं ओसाड रान सुरू होतं. शिपाई मशाली घेऊन येत होते, म्हणजे ते लांबून दिसलेही असतील. तो थांबला. योहानाच्या शुभवर्तमानात त्याचे शब्द आहेत, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. डॉक्टरबाईंनी दार लावून मला जे विचारलं होतं ते हेच होतं, तू होऊन देतेस का?

पूर्ण प्रीतीच्या त्या वचनाकडेही मी परत गेले. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात त्याच्या आधीची ओळ न्यायाच्या दिवसाबद्दल आहे, आणि लगेच पुढे म्हटलंय की भीतीत शिक्षेची जाणीव असते. म्हणजे देव आपल्याला झिडकारेल ही भीती प्रीतीने जाते. सुरीला, भुलीला, लेकीला पोरकं करण्याला घाबरू नये असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. त्या बाईंना मी हे कधी बोलले नाही, बोलायची गरजही नाही. पण एखाद्या आजाऱ्याला किंवा दात्याला वचन सांगताना आपण त्याच्या आजूबाजूच्या चार ओळी वाचून मग सांगायला हवं. घाबरलेल्या माणसाच्या हातात ते वचन दगडासारखं पडू शकतं.

आईलाही त्याच आठवड्यात सांगितलं. आई मिशन हॉस्पिटलमधून नर्स म्हणून निवृत्त झालेली. भारतातलं पहिलं यशस्वी किडनी रोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं, तेव्हा ती शिक्षण घेत होती आणि त्यांच्या हॉस्टेलमध्ये त्या बातमीचं फार अप्रूप होतं. मला वाटलं होतं ती म्हणेल, विश्वास ठेव. ती म्हणाली, "मी आई आहे दोघांची. एका लेकराला वाचवायला दुसरं टेबलावर चढतंय. मला झोप लागते असं वाटतं तुला?" मग तिने सांगितलं की पूर्वी दात्याच्या कुशीत वीतभर चीर घ्यायचे, कित्येकदा बरगडीचा तुकडा काढावा लागायचा, आता दुर्बिणीतून करतात, तू बरी होशील. तिने माझ्या केसांना तेल लावून दिलं. मी एकेचाळीस वर्षांची होते.

सातव्या दिवशी मी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं की भीती वाटते आणि मी देणार आहे. त्या म्हणाल्या, "आता मी सही करते."

रोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोरचा दिवस पटकन सांगते. आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, बाप्तिस्म्याचे दाखले, आणि आम्ही भावंडं एकत्र असलेले जुने फोटो. सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. पैसे मिळणार आहेत का, असं विचारतात. कायद्याने विचारावंच लागतं, किडनीचा बाजार याच देशात भरलेला आहे. पण तो प्रश्न ऐकून दादाने मान खाली घातली ती बाहेर येईपर्यंत वर केली नाही.

शस्त्रक्रिया १४ मार्च २०२३ ला ठरली. आदल्या संध्याकाळी एका निवासी डॉक्टरने माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला मार्कर पेनने बाण काढला. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून ह्यांच्याकडे दिली. रात्री बारानंतर पाणीही नाही. साडेआठच्या सुमाराला दादा मास्क लावून, सलाइनचा स्टँड ढकलत माझ्या खोलीत आला. खुर्चीवर बसला. बराच वेळ फिस्टुलावरची पट्टी नीट करत होता.

"बेबी, अजून नाही म्हणालीस तरी चालेल."

एका गोष्टीची मला त्या वेळी आठवण झाली. फोनवर रात्री जागून मी रोपणाबद्दल जे काही वाचत असे त्यात ती सापडली होती. जगातलं पहिलं यशस्वी किडनी रोपण २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये झालं, डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं, रोनाल्ड आणि रिचर्ड हेरिक या जुळ्या भावांवर. आदल्या रात्री आजारी रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की इथून निघ, घरी जा. रोनाल्डने उलट चिठ्ठी दिली, मी इथे आहे आणि इथेच राहणार. तेवीस वर्षांचा होता तो. त्याच्याआधी कोणाच्या किडनीने समोरचा माणूस खरंच वाचला, असा दाता नव्हता.

रोनाल्डसारखं एका ओळीत मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "दादा, मला खूप भीती वाटतेय."

आतापर्यंत त्याच्यासमोर मी एकदाही हे बोलले नव्हते. मी घाबरलेय असं कळलं तर तो घेणारच नाही, असं मला वाटायचं. त्याने मान वर केली. डोळे भरले होते. "मलापण," तो म्हणाला. "तुला काही झालं तर मी त्या किडनीसकट कसा जगू, हाच विचार येतो." दोघं भावंडं पलंगाच्या कडेवर हात धरून बसलो, पपा गेले त्या रात्री बसलो होतो तशी. मोठी प्रार्थना कोणालाच सुचेना. त्याने "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं आणि मी त्यात मिसळले. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथे माझा आवाज फुटला, दादा एकटाच पुढे म्हणत राहिला, आणि "आम्हांला वाईटापासून सोडव" इथे मी परत त्याला गाठलं.

मला वाटायचं की इतकं सगळं समजल्यावर, रडून झाल्यावर, सकाळी शांती येईल. साक्षींमध्ये असंच ऐकलेलं होतं. तसं झालं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण उद्या कोणी ट्रॉलीवर थरथरत असेल तर त्याने स्वतःला अविश्वासू समजू नये. ऑपरेशन थिएटरमध्ये भयंकर गार असतं. माझे दात वाजत होते, गुडघे उडत होते. तेविसावं स्तोत्र सुरू केलं आणि "मृत्युच्छायेच्या दरीतूनही" इथे अडकले, पुढचं आठवेना. लहानपणापासूनचं पाठ स्तोत्र आठवेना. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "काही म्हणायचंय का?" मी म्हटलं, "तू माझ्याबरोबर आहेस." मधले शब्द गाळून तेवढेच आले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. "हो, आहोत," ते म्हणाले. मग मास्क.

जागी झाले तेव्हा सगळ्यांत जास्त दुखत होता खांदा. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात जो वायू भरतात त्याची ती कळ, कोणी आधी सांगितलं नव्हतं. पोटावर तीन बारीक छिद्रं आणि खाली, सिझरच्या जागी, एक आडवी चीर, तिथून किडनी बाहेर काढलेली. वहिनी कानाशी वाकून म्हणाली, "टेबलावरच लघवी सुरू झाली त्यांना." मी जन्मात इतकी सुंदर बातमी ऐकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मला चालवत काचेपर्यंत नेलं. आत दादा बसला होता, अंगावर दहा नळ्या, आणि नर्स त्याला रागावत होती की अजून प्या, आज तीन लिटर व्हायला हवेत. त्याच्या हातात स्टीलचा पेला होता. त्याने मला पाहिलं, पेला जरा उंच धरला, आणि एका दमात रिकामा केला. वहिनीने मला मागून धरलं नसतं तर मी तिथेच बसले असते.

पुढचं सगळं गोडच झालं असं नाही. घरी आल्यावर दीड महिना जड उचलायचं नाही, हे ठीक. पण एक उदासपणा आला, कारण नसताना रडू यायचं. सगळे दादाची तब्येत विचारत, ते योग्यच होतं. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, दात्यांना असं होतं, बोला. बोलले. शाळा सुरू झाल्यावर हळूहळू कमी झालं. दादाला आता आयुष्यभर गोळ्या आहेत, शरीराने ही किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून, आणि त्यांच्या वेळा चुकवून चालत नाही. एकदा त्याचं क्रिएटिनिन वाढलं, आठ दिवस ॲडमिट होता. त्या आठ दिवसांत भीती जशीच्या तशी परत आली, जणू मधल्या काळात दाराबाहेरच बसली होती. या वेळी मी तिला लपवलं नाही. बुधवारच्या घरप्रार्थनेत म्हटलं, मला भीती वाटते, माझ्यासाठी प्रार्थना करा. आधी शांतता पसरली. मग कोपऱ्यातल्या एका तरुण मुलीने, जिला बाळंतपणाचे दिवस भरत आले होते, म्हटलं, "माझ्यासाठीपण."

दर वर्षी मार्चमध्ये माझी तपासणी असते. उरलेली किडनी मोठी होऊन काम उचलते, माझीने उचललंय. तरी तोच पाच लिटरचा पांढरा कॅन घरी येतो. छप्पन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की माझी आसवं तू आपल्या बुधलीत भरून ठेव. शत्रूंनी गथ नावाच्या गावात पकडलं होतं तेव्हाचं ते स्तोत्र आहे, आणि त्यात तो म्हणतो की जेव्हा मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. जेव्हा वाटेल तेव्हा, वाटली तर असं नाही. रात्री अडीचला त्या कॅनशी उभी असते तेव्हा मला ती बुधली आठवते.

यंदाही रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप आली नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी प्रार्थना केली, तासाभराने परत केली, पहाटे परत. नवीन काही सुचलं नाही. प्रभूनेही त्या बागेत तिसऱ्यांदा तेच शब्द म्हटले होते, हे मत्तयाने लिहून ठेवलंय, त्याचा मला मोठा आधार वाटतो. कॅन पिशवीत घातला, वर टॉवेल गुंडाळला आणि सहाच्या गाडीसाठी स्टँडवर गेले.

दादा माझ्याआधीच येऊन थांबला होता. काखेत चहाचा थर्मास, हातात पाण्याची मोठी बाटली, अर्धी संपलेली. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला दिसली असणार.

"उठली होतीस ना रात्रभर?"

"हो."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. "चल," तो म्हणाला, "गाडी लागलीये."